विमानतळावरच्या लाउंजचा खर्च कंपनीने द्यावा का, आणि द्यायचा तर कुणाला?

जमाखर्च_चाकण

नमस्कार मंडळी. कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. प्रवासाचं धोरण नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि लाउंजच्या, म्हणजे विमानतळावर बसायची-खायची सोय असलेल्या खास कक्षाच्या, कलमावर गाडी अडली आहे.

नियमित विमानाने जाणारे ३८ जण. प्रत्येकाच्या महिन्याला साधारण दोन फेऱ्या, जास्त करून पुणे–दिल्ली आणि पुणे–चेन्नई. सकाळी जायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रात्री परत. वर्षातून आठ-दहा वेळा जर्मनी, तीही मुंबईहून. तिकिटं सगळी कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क काढतं, पैसे थेट कंपनीच्या खात्यातून जातात.

आजवर लाउंज हा विषयच नव्हता, जो तो आपापलं कार्ड दाखवून आत जायचा. आता हजार, बाराशे, चौदाशेच्या पावत्या क्लेमला लागून येऊ लागल्यात. सेल्सवाले म्हणतात मॅनेजर आणि वरच्या सगळ्यांना मेंबरशिप काढून द्या. डायरेक्टर म्हणतात, जेवणाचा भत्ता देतोय ना, मग हे कशाला? जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वळता करणं) मिळतं का, कर्मचाऱ्याच्या पगारात ते पर्क्विझिट (करपात्र सवलत) म्हणून धरावं लागतं का, हेही कळलं तर बरं.

गेट क्रमांक ४२

पावत्या आत्ताच का यायला लागल्या ते आधी बघा. निम्मं उत्तर त्यात आहे.

फुकट लाउंज ही कार्ड कंपन्यांनी वाटलेली खिरापत होती आणि २०२३ च्या शेवटापासून त्यांनी हात आखडता घेतला. एचडीएफसीने १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाख खर्चाची अट घातली. अ‍ॅक्सिसने २०२४ मध्ये मॅग्नससह काही कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांत ५० हजारांची घातली. आयसीआयसीआयने बऱ्याच कार्डांवर आधी ३५ हजार ठेवली आणि त्याच वर्षी ती ७५ हजारांवर नेली. म्हणजे आधीच्या तिमाहीत तेवढा खर्च असेल तर या तिमाहीत दार उघडणार.

आता तुमची व्यवस्था बघा. तिकिटं आणि बहुधा हॉटेलही डेस्क काढतं. प्रवासातला सगळ्यात जड खर्च माणसाच्या कार्डावर पडतच नाही, उरतात टॅक्सी आणि चहा. त्यावर ७५ हजार कसे व्हायचे? स्वतः तिकीट काढून नंतर क्लेम करणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांची अट सहज पुरी होते, तुमच्या लोकांची होत नाही. डेस्कने सवलतीची तिकिटं काढून जे वाचवलं, त्यातलं थोडं लाउंजच्या पावतीतून परत येतंय, असं डायरेक्टरांना सांगा.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांना लाउंजची सोय पुरवणाऱ्या ड्रीमफोक्स कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली. बऱ्याच बँका त्यांच्याच जोरावर लाउंज देत होत्या, त्यांना दुसरी सोय लावावी लागली. कुठलं कार्ड कुठल्या विमानतळावर चालतं याच्या याद्या तेव्हापासून बदलल्यात. वर्षापूर्वीचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि क्लेम मंजूर करायच्या आधी एक तपासा. कार्ड पात्र असूनही नाकारलं जाण्याचं सगळ्यात सामान्य कारण अगदी क्षुल्लक असतं. लाउंजच्या काउंटरवर कार्ड मशीनमध्ये घालून व्हिसा किंवा रुपे असेल तर २ रुपये, मास्टरकार्ड असेल तर बहुतेक वेळा २५ रुपये कापले जातात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘दुकानातले व्यवहार’ बंद करून ठेवले असतील तर ते दोन रुपयेही जात नाहीत आणि मशीन नुसतं ‘डिक्लाइन्ड’ म्हणतं. ऑनलाइन वापरासाठीच कार्ड ठेवणाऱ्यांचं हे हमखास होतं. कार्ड प्रत्यक्ष हातात लागतं, फोनवरचा फोटो चालत नाही, आणि त्यावरचं नाव बोर्डिंग पासवरच्या नावाशी जुळायला हवं. फक्त कंपनीचं नाव छापलेलं कार्ड इथेच अडकतं.

रोजमेळ

कराचं तेवढं सांगतो.

जीएसटी: लाउंजच्या पावतीवर साधारण १८ टक्के असतो. क्रेडिट घ्यायचं तर तीन अडथळे आहेत. पहिला, पावतीवर कंपनीचा जीएसटी क्रमांक हवा. तो काउंटरवर पैसे देण्याआधी सांगावा लागतो, नंतर ईमेल करून दुरुस्ती मागितली तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. दुसरा, कर कुठला लागलाय ते बघा. दिल्लीच्या लाउंजने दिल्लीचा सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा जीएसटी) लावला आणि तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर ते क्रेडिट विसरा. हॉटेलच्या बिलांत जे होतं तेच. तिसरा, जीएसटी कायद्याचं कलम १७(५). खाणंपिणं आणि क्लबची मेंबरशिप यांवरचं क्रेडिट या कलमाने अडवलेलं आहे. पावतीवर ‘जेवण’ अशी वेगळी ओळ असेल किंवा खात्यात तुम्हीच ‘क्लब मेंबरशिप’ म्हणून नोंद केली असेल, तर ऑडिटमध्ये वादाला आयतं निमंत्रण. तेव्हा लेजरचं (हिशेबातल्या खात्याचं) नाव जपून द्या. ‘प्रवास खर्च – विमानतळ सेवा’ असं साधं ठेवा, खरा प्रकारही तोच आहे.

माझं मत विचाराल तर क्रेडिट मिळणारच नाही असं धरून बजेट करा. बाराशेच्या बिलात कर १८३ रुपये. एवढ्यासाठी राज्याराज्यांतल्या पावत्यांचा पाठपुरावा करायला माणूस बसवणं परवडत नाही.

पर्क्विझिट: कामाच्या प्रवासातला खर्च कर्मचाऱ्याच्या करपात्र पगारात येत नाही, पण तो पूर्णपणे कामासाठी होता हे दाखवता आलं पाहिजे. कंपनीने भरलेल्या कार्डाच्या आणि मेंबरशिपच्या बाबतीत खर्चाची तारीख, स्वरूप, आणि हा खर्च कामाचाच होता असा कंपनीचा दाखला, एवढं दप्तरी हवं. प्रवासाचा मंजुरी क्रमांक पावतीला जोडला की काम झालं. घोटाळा वार्षिक मेंबरशिपमध्ये होतो. तीच मेंबरशिप दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाताना वापरली जाते, बायको-मुलांना पाहुणे म्हणून आत नेलं जातं. मग ‘पूर्णपणे कामासाठी’ हे कुठल्या तोंडाने लिहायचं? म्हणून सेल्सच्या मागणीला माझा नकार. जेव्हा वापर, तेव्हा पैसे.

निंबोणी

कराआधी हे ठरवा की लाउंजमधून कंपनीला मिळतं काय. इथे सगळे ‘बसून काम करता येतं’ म्हणतात आणि कुणी गणित मांडत नाही.

कंपनीला वर्षाला १८ लाख खर्च पडणारा माणूस घ्या. २४० दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे तासाला साधारण ९४० रुपये. लाउंज १२०० ला. आत जेवला तर भत्त्यातले समजा ४५० वाचले. उरलेले ७५० वसूल व्हायला ४८ मिनिटांचं काम व्हायला हवं. आणि हे काम म्हणजे गेटपाशी बसून जेवढं झालं असतं त्याच्यावरचं. गेटवरच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन ईमेलं निपटता येतातच. लाउंजमधल्या सगळ्या वेळाची किंमत लाउंजच्या नावावर जमा करणं हा फसवा हिशेब.

आता वेळ किती मिळतो ते बघा. देशांतर्गत प्रवासात माणूस दीड-पावणेदोन तास आधी पोचतो. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतात आणि गेट विमान सुटण्याच्या २५ मिनिटं आधी, तेव्हा घड्याळ तिथून उलटं मोजायचं. दोन तास आधी पोचलात, प्रवेश, सामान आणि सिक्युरिटीत ३५ मिनिटं गेली. राहिली ८५. गेट बंद झाल्यावरची २५ आणि तिथवर चालायची १० वजा केली की ५० उरतात. त्यातली पंधरा-वीस ताट हातात घेऊन रांगेत आणि खाण्यात. सकाळच्या सहा-साडेसहाच्या विमानाला तर एवढाही वेळ नसतो, आणि पहाटे पावणेपाचला कुणी कोटेशन तपासत नाही. डिजीयात्रा (चेहरा दाखवून झटपट प्रवेश) वापरणारे आताशा उशिराच घरून निघतात, त्यांची शिल्लक आणखी कमी.

म्हणून जातानाचं लाउंज कंपनीच्या दृष्टीने जवळपास पाण्यात. परतीचं वेगळं. ग्राहकाकडचं काम चार-साडेचारला संपतं, विमान साडेआठचं, मधे जायला दुसरी जागा नाही. अडीच-तीन तास हातात असतात, जेवायची वेळ असते, दिवसाची टिपणं डोक्यात ताजी असतात. रिपोर्ट तिथेच लिहून झाला तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी होते. कंपनीने पैसे द्यावेत ते इथे.

फक्त मुक्कामाची मर्यादा लक्षात ठेवा. देशांतर्गत लाउंजमध्ये साधारण दोन तास. पाच वाजता आत शिरलात तर सातला उठवतील आणि जेवणाच्या वेळी तुम्ही बाहेर. साडेआठच्या विमानाला पावणेसहाच्या सुमारास आत जा.

आतल्या गोष्टींबद्दल थोडं. जागा निवडताना खुर्ची बघू नका, प्लग बघा. भिंतीकडेच्या एकेकट्या खुर्च्यांना बहुतेक प्लग असतो, मधल्या गुबगुबीत सोफ्यांना नसतो किंवा असला तर सैल असतो, चार्जर लोंबतो आणि निसटतो. लाउंजच्या वायफायवर कंपनीचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) अनेकदा लटकतो, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. मोठ्याने कॉल घेण्याजोगा कोपरा संध्याकाळी सहा ते आठमध्ये मिळेल अशी आशा धरू नका. दरपत्रक, टेंडर असलं काही बोलायचं असेल तर तिथे बोलूच नका, शेजारच्या खुर्चीत तुमचाच प्रतिस्पर्धी असण्याची शक्यता दिल्ली–पुणे मार्गावर चांगली आहे.

आणि विमान चुकण्याचं कारण. मुंबईसारख्या ‘सायलेंट’ विमानतळांवर बोर्डिंगची सरसकट घोषणा होत नाही. गेट बदललं तर एसएमएस येतो, तो कॉलमध्ये असताना दिसत नाही. आत शिरल्या शिरल्या गेट बंद व्हायच्या ३५ मिनिटं आधीचा गजर लावायचा. बुडालेलं तिकीट पाच-सात हजारांचं, लाउंज बाराशेचं.

तिखटमीठ

मी डायरेक्टरांच्या बाजूने. रात्रीच्या परतीला ६०० रुपये जेवणाचे द्या, कुठे खायचं ते त्याचं तो बघेल. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ पासून स्वस्त खाण्याच्या उडान यात्री कॅफेत दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा मिळतो, नंतर चेन्नईलाही सुरू झालंय. सगळीकडे अजून नाही हे मान्य. पण लाउंजचा बुफे म्हणजे तरी काय, पनीर, पिवळी डाळ आणि गार पडलेला पुलाव. त्याला बाराशे?

अवांतर: विमान दोन तासांहून जास्त लेट असेल तर पुणे–दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला विमान कंपनीनेच खाणंपिणं द्यायचं असतं, डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. लोक ते व्हाउचर घेतात, लाउंजमध्येही जातात आणि भत्ताही लावतात. तीन जेवणं एका पोटात.

जमाखर्च_चाकण

@निंबोणी, परतीचा मुद्दा पटला. आमच्या ७६ फेऱ्यांत सातनंतरची परती साधारण निम्म्या. @रोजमेळ, लेजरचं नाव आजच बदलतो, खरंच ‘मेंबरशिप’ लिहिलं होतं.

जर्मनीचं काय? ते सगळे इकॉनॉमीने जातात. मुंबई–फ्रँकफर्ट, कधी दुबईमार्गे. प्रायॉरिटी पास (जगभरच्या लाउंजची विकत मिळणारी मेंबरशिप) घ्यावा का?

गेट क्रमांक ४२

परदेशाचं गणित पूर्ण वेगळं, आणि पुण्याहून निघणाऱ्यांचं आणखी वेगळं. एक्स्प्रेसवेवर घाटात किती वेळ जाईल याचा भरवसा नाही म्हणून माणूस सहा-सात तास आधी घर सोडतो आणि रस्ता मोकळा मिळाला तर मुंबईच्या टी-२ ला (टर्मिनल २) विमानाच्या चार तास आधी हजर. इथे लाउंज खरोखर उपयोगी. मात्र चेक-इन काउंटर उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि बहुतेक लाउंज विमानाच्या तीन तासांपेक्षा आधी आत घेत नाहीत. पहिला तास बाहेरच काढायचा आहे हे लोकांना आधीच सांगून ठेवा.

पैसे खर्च करण्याआधी फुकटचं वापरा. फ्रँकफर्टला जाणारे एअर इंडिया किंवा लुफ्तान्साने जात असतील तर दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. आठ-दहा फेऱ्या वेगवेगळ्या लोकांत आणि वेगवेगळ्या एअरलाइनांत विखुरल्या तर कुणालाच काही मिळत नाही. वारंवार जाणारे दोघे-तिघे असतील तर त्यांचा सगळा प्रवास, देशातलासुद्धा, एकाच खात्यावर जमा करा. महाराजा क्लबचा (एअर इंडियाची नेहमीच्या प्रवाशांची योजना) गोल्ड झाला की स्टार गोल्ड, म्हणजे त्या गटातला वरचा दर्जा, लागू होतं. मग इकॉनॉमीच्या तिकिटावरही, त्याच दिवशी स्टारचं विमान असेल तर, सोबत एक पाहुणा घेऊन लाउंज मिळतो. फ्रँकफर्टला त्यावर लुफ्तान्साच्या सेनेटर लाउंजमध्ये जाता येतं. दुबईमार्गे एमिरेट्सने पाठवलंत तर हे सगळं निरुपयोगी, एमिरेट्स त्या गटात नाही. तिकीट तीन हजारांनी स्वस्त दिसतं म्हणून डेस्क तिकडे वळवतं, तेव्हा लाउंजचा खर्चही त्याच तुलनेत धरायला सांगा.

प्रायॉरिटी पासचं २०२४ चं डॉलरमधलं दरपत्रक असं: स्टँडर्ड ९९ आणि प्रत्येक भेटीला ३५, स्टँडर्ड प्लस ३२९ ज्यात दहा भेटी, प्रेस्टिज ४६९ ज्यात हव्या तितक्या. आताचे दर साइटवर बघून घ्या, पण रीत तीच. वर्षाला सहापर्यंत भेटी असतील तर पहिला स्वस्त, सात ते चौदामध्ये दुसरा, त्याच्यावर तिसरा. एका जर्मनी फेरीत दुबई धरून चार भेटी होतात. दोनदा जाणाऱ्याला दुसरा परवडतो, एकदाच जाणाऱ्यासाठी काहीच विकत घेऊ नका, पावती घ्या.

बँकेने कार्डासोबत दिलेला प्रायॉरिटी पास वेगळी चीज आहे. बऱ्याच भारतीय कार्डांवर तो फक्त परदेशात फुकट चालतो. पुण्यात किंवा मुंबईत तोच दाखवला तर आत सोडतात, पण पुढच्या स्टेटमेंटला २७ डॉलर आणि त्यावर जीएसटी येतो. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं, तो हसून ‘या सर’ म्हणतो. भारतात मूळ क्रेडिट कार्ड दाखवायचं, परदेशात पास.

निंबोणी

@तिखटमीठ, पुलावाबद्दल वाद नाही. पण ६०० देऊन मिळतं फक्त जेवण. त्या अडीच तासांत प्लग आणि टेबल मिळालं तर रिपोर्ट होतो, कंपनी पैसे त्याचे मोजते. ज्याला रिपोर्ट लिहायचा नाही त्याला ६०० च द्या, माझी हरकत नाही.

मधे थांबा असलेल्या प्रवासात तिसरी गोष्ट येते ती आंघोळ. रात्रभर इकॉनॉमीत बसून सकाळी फ्रँकफर्टला उतरून थेट प्लांटवर जायचं असेल, तर दुबईच्या थांब्यातला शॉवर बुफेपेक्षा कितीतरी मोलाचा. सगळ्या लाउंजमध्ये शॉवर नसतात, असले तर नंबर लावावा लागतो. आत गेल्यावर आधी नाव नोंदवायचं, मग खायचं. उलट केलं की बोर्डिंगची वेळ होते तरी नंबर लागत नाही.

रोजमेळ

जमाखर्च, तुमच्या आकड्यांवर हिशेब केला. ७६ फेऱ्या म्हणजे १५२ उड्डाणं. सरसकट दिलं तर १,८२,४०० महिन्याला, वर्षाला २१.९ लाख. फक्त सातनंतरची परती धरली तर ३८ भेटी, ४५,६०० रुपये. त्यातून जेवणाच्या भत्त्याचे ४५० प्रमाणे १७,१०० वजा. निव्वळ २८,५०० महिन्याला, वर्षाला ३.४२ लाख. डायरेक्टरांना हा आकडा दाखवा, पहिला दाखवू नका.

कलम असं लिहिता येईल, शब्द तुमचे घाला:

‘देशांतर्गत परतीचं विमान संध्याकाळी ७ नंतर असेल, किंवा दोन विमानांमध्ये २ तासांहून जास्त अंतर असेल, तर त्या उड्डाणापुरता एकदा लाउंजचा खर्च करासह १,४०० रुपयांपर्यंत मिळेल. पद कोणतंही असो. त्या वेळचा जेवणाचा भत्ता मिळणार नाही. विमान कंपनीचं जेवणाचं व्हाउचर घेतलं असल्यास लाउंजचा खर्च मिळणार नाही. पावतीवर कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि सोबत बोर्डिंग पास हवा. पाहुण्याचा, मद्याचा, स्पाचा खर्च स्वतःचा. स्वतःच्या कार्डावर प्रवेश मिळाल्यास भत्ता कापला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ज्याचं कार्ड चालतं त्याने ते दाखवलं तर कंपनीचे बाराशे वाचतात. त्याचे ४५० कापले तर पुढच्या वेळी तो कार्ड खिशात ठेवेल आणि पावती आणेल.

तिखटमीठ

‘पद कोणतंही असो’ हे मात्र आवडलं. सर्व्हिस इंजिनियर रात्रीच्या विमानाने येतो तो दिवसभर मशीनखाली लोळून, आणि मेंबरशिप मागतो सेल्सचा मॅनेजर.

जमाखर्च_चाकण

कलम जवळपास जसंच्या तसं घेतोय. एक शंका: दिल्लीची काही विमानं टी-१ वरून आणि काही टी-३ वरून असतात, आणि अ‍ॅपमधून आधीच लाउंजचं व्हाउचर घेतलं की ते एकाच टर्मिनलचं असतं. टर्मिनल बदललं तर पैसे परत मिळतात का?

गेट क्रमांक ४२

व्हाउचरच्या अटींवर अवलंबून, पण बहुतेक वेळा नाही. टर्मिनलं आतून जोडलेली नाहीत. मुंबईतही टी-१ आणि टी-२ रस्त्याने वेगळी, टी-२ चं व्हाउचर टी-१ च्या प्रवाशाला कागदाच्या भावाचं. म्हणून आदल्या दिवशी घेऊच नका. सिक्युरिटी पार करून, बोर्डिंग पासवरचं टर्मिनल बघून, लाउंजच्या दारात उभं राहून अ‍ॅप उघडायचं. दारातला दर आणि अ‍ॅपमधला दर दोन्ही समोर असतात, कमी असेल तो द्यायचा. जीएसटी क्रमांक अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये एकदाच भरून ठेवा, मग पावती आपोआप कंपनीच्या नावाने येते आणि रोजमेळांचा पहिला अडथळा तिथेच सुटतो.